रस्ता आखण्याआधी



आम्ही धुळ्यातल्या देवपूरची माणसं रस्त्याच्या काठावरच वाढलो. जुना आग्रा रोड पांझरा नदी ओलांडून आमच्यातूनच सोनगीरकडे जातो. सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे हे महामार्गही धुळ्यालाच येऊन मिळतात. रस्ता नको म्हणणारा माणूस इथे शोधून सापडायचा नाही, आणि मीही त्यातला नव्हे.

पण आपला वारसा कुंपणात मावणारा नाही. लळिंगचा किल्ला, थाळनेरच्या फारुकी कबरी, बलसाण्याची देवळं निदान डोळ्यांना दिसतात. केंद्राने संरक्षित ठरवलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण, अशी तरतूद 2010च्या दुरुस्तीने कायद्यात आहे. जे दिसत नाही, त्याचं काय? साक्री तालुक्यात कावठ्याला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, जमिनीत खड्डे करून बांधलेली घरं मिळाली. चाळीसगावजवळ पाटण्याला सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं शहामृगाच्या अंड्याचं कवच निघालं. त्यावर कुणीतरी बारीक आडव्यातिडव्या रेघा कोरल्यात. रस्त्याला नुसती जमिनीची पट्टी लागत नाही. भरावाला माती लागते, खडीला डोंगर लागतो, आणि हाताशी असतं ते गावाशेजारचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड.

पांझरेवरचे फड घ्या. तीन-चारशे वर्षांची ही व्यवस्था. नदीत आडवा दगडी बंधारा, त्याच्या कडेने निघालेला पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी ते बदलायचं, पाणी सोडायला पाटकरी. ना पंप, ना वीज. पाणी निव्वळ उतारावर चालतं. उतारही इतका बेताचा, की मध्ये भराव आला आणि त्याखालचा पाइप वीतभर उंच बसला, तर पुढचा फड कोरडाच राहायचा. नकाशावर हा पाट दिसलाच, तर नाली म्हणून दिसेल. (नालीला वारसा म्हणायची सवय आपल्यालाही कुठे आहे?)

असा वारसा उशिरा हाती लागला तर काय होतं? आयर्लंडमध्ये तारा टेकडीजवळून मोटारमार्ग नेताना 2007मध्ये लिस्मुलिनला लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ सापडलं. त्याची नोंद झाली, उत्खनन झालं, आणि 2010मध्ये वरून वाहतूक सुरू झाली. काम सुरू झाल्यावर सापडलेली गोष्ट बहुधा अहवालातच उरते. म्हणून भांडायचं ते आखणीच्या वेळी.

त्याला वाट आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची, कायद्याच्या कलम 3-अ खालची अधिसूचना मराठी वर्तमानपत्रात छापून येते. जमिनीत हितसंबंध असलेल्यांना राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. तेव्हा गावकरी मंडळींनो, आपल्या शिवारातला पाट, बंधारा, पांढरी, जुनी बारव गट नंबरासह ग्रामसभेच्या ठरावात आजच लिहून ठेवा. अधिसूचना निघाल्यावर हे सगळं गोळा करायला 21 दिवस पुरत नाहीत.