चित्रातला बैल आणि पाहणाऱ्याची घाई

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आधुनिक चित्रात प्राणी दिसला की 'हा कशाचे प्रतीक?' हा प्रश्न प्रेक्षकाच्या तोंडी लगेच येतो. घोडा म्हणजे वेग, बैल म्हणजे बळ, असा एक शब्दकोशच तो दालनात बरोबर घेऊन येतो. अर्थ सापडला की त्याचे पाहणे संपते.

तैयब मेहता (१९२५-२००९) यांचा बैल या कोशात मावत नाही. आपल्याकडे बैल म्हटला की पोळ्याची झूल, रंगविलेली शिंगे आणि देवळापुढचा नंदी आठवतो. मेहतांचा बैल कत्तलखान्यातला आहे. वांद्र्याच्या कत्तलखान्यात त्यांनी तो पाहिला, १९५० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा रंगविला, आणि १९७० च्या 'कूडल' या लघुपटातही आणला: पाय बांधून आडवे पाडलेले जनावर.

त्याला 'हिंसेचे प्रतीक' म्हणून मोकळे होता येते. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर एका माणसाची हत्या मेहतांनी पाहिली होती, हा दाखलाही देता येतो. तो खोटा नाही; परंतु एवढ्याने हे चित्र बेचैन का करते, ते उलगडत नाही. त्यासाठी पायांकडे पाहावे लागते. धावण्यासाठी घडलेले अवयव एका गाठीशी आवळलेले, सारा भार जमिनीकडे ओढलेला. अंगात बळ असून ते वापरता येत नाही, हे डोळ्यांना आधी जाणवते, बुद्धीला मागाहून. पंढरपुरात जन्मलेल्या आणि इंदुरात वाढलेल्या हुसेन यांचा उधळलेला घोडा शेजारी आठवून पाहावा. तिथे रेषाच धावते. इथे रेषाच दोर होते.

१९९० च्या दशकात मेहतांनी 'महिषासुर' रंगविला. इथे तर कोश पुरताच निरुपयोगी ठरतो. देवी आणि रेडा एकमेकांत असे गुंतले आहेत की वध चालला आहे की आलिंगन, हे ठरविणे कठीण व्हावे. परंपरेच्या जाणकाराला हे विपरीत वाटेल. मराठी माणसाला मात्र तितके वाटू नये. नवरात्रात महिषासुरमर्दिनीची पूजा करणारा गावकरीच शिवेवरच्या म्हसोबाला शेंदूर लावतो, आणि या म्हसोबाचे महिषासुराशी असलेले नाते दामोदर कोसंबी यांनी उलगडून दाखविले आहे.