मार्चमधलं गुलमर्ग

मार्चमध्ये सहकुटुंब स्कीइंगसाठी गुलमर्गला जाणार असाल, तर घड्याळावर लक्ष ठेवा, कारण तिथला बर्फ दिवसभरात बदलत जातो. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर सुमारे 3,950 मीटर उंचीवर नेतो. तिथले बहुतेक उतार यंत्राने सपाट केलेले नसतात. रात्री गोठलेला बर्फ सकाळी इतका टणक असतो, की स्कीच्या कडा त्यावर नुसत्या खरवडतात. ऊन चढलं की वरचा थर भिजल्या साबुदाण्यासारखा दाणेदार होतो. वळणं घ्यायला हीच खरी वेळ, आणि ती फार टिकत नाही! दुपारी स्की रुततात, ओला बर्फ उतारावरून सुटण्याचा धोकाही वाढतो. मुलांना आधी खालच्या सौम्य उतारांवर सरावू द्या. वर जायचंच, तर त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा पाहून, स्थानिक गाइड सोबत घेऊनच.