पहिला तास काउंटरवरचा



नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांमधल्या कर्मचाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. अध्यक्षाने वेतनकरार, रखडलेली भरती आणि विलीनीकरण यांवर बोलावे अशी आपली रीत आहे. हे विषय सरचिटणीसांच्या अहवालात सविस्तर आले आहेत, म्हणून मी त्यांना हात लावत नाही. आपल्या सभासदांचा पैसा आज त्यांच्याच मोबाइलवरून, त्यांच्याच बोटांनी नेला जातो आहे. तो अडवण्याची पहिली संधी पोलिसांच्याही आधी आपल्याला मिळते. आज मला एवढ्याच गोष्टीवर बोलायचे आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. वर्षभरात तिपटीच्या वर. आणि ही फक्त नोंदवलेल्या तक्रारींची बेरीज आहे. ज्यांनी मुलांना कळू दिले नाही, शेजाऱ्यांना कळू दिले नाही, पोलीस चौकीची पायरी चढायची लाज वाटली, त्यांचे पैसे या आकड्यात नाहीत.

आपल्या क्षेत्राला खडबडून जाग आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. ११ ऑगस्टला दुसरा शनिवार होता, बँकांना सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्यांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा एक बनावट स्विच उभा केला होता. बनावट कार्ड कुठल्याही एटीएममध्ये घातले, की मंजुरीचा प्रश्न खऱ्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचायचाच नाही. तो खोटा स्विच परस्पर 'द्या' म्हणायचा. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा ठोठावली. ठेवीदारांच्या खात्यांना त्या वेळी धक्का लागला नाही, हे मुद्दाम सांगतो. गेला तो बँकेचा पैसा. २०१८ च्याच ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. सर्व्हर वेगळे झाले, लेखापरीक्षण सुरू झाले, भिंती जाड झाल्या.

पण भिंत फोडायला पैसा, माणसे आणि महिनोन्‌महिने लागतात. सभासदाला फोन करून 'ओटीपी सांगा' म्हणायला काहीच लागत नाही. चोरांचा मोर्चा आता आपल्या सभासदाकडे वळला आहे, आणि त्याच्याभोवती भिंत नाही.

तुमच्या सभासदाच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. कधी आरटीओचे चलान येते, कधी शेतकरी सन्मान निधीची यादी. ओळखीच्याच नंबरावरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. नीट पाहिले तर फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. पत्रिका फोटो म्हणून येईल, पीडीएफ म्हणून येईल. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचा प्रोग्रॅम. तो बसताना मेसेज वाचायची परवानगी मागतो. सभासद 'अलाऊ' दाबतो. त्या क्षणापासून त्याचा प्रत्येक ओटीपी आधी चोराला दिसतो. यात सभासदाने कोणाला काही सांगितलेले नसते. 'ओटीपी कोणाला सांगू नका' ही आपली पाटी इथे अपुरी पडते. पाटीवर आणखी दोन वाक्ये हवीत: व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. दुसरे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील' असे सांगणारे आजही रोज माणसे गाठतात.

आता काउंटरकडे येऊ. हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. सत्तरीचे गृहस्थ सकाळी शाखा उघडताच येतात. आठ महिन्यांनी मुदत संपणारी ठेव मोडायची आहे म्हणतात. व्याज बुडेल सांगितले तरी चालेल म्हणतात. पैसे आरटीजीएसने पाठवायचे आहेत, आणि ज्याला पाठवायचे त्याचे नाव चिठ्ठीवर बघून वाचतात. कारण विचारले की 'घरगुती काम'. शर्टाच्या खिशातला फोन चालूच असतो. मधेच हात त्याच्यावर जातो. त्या फोनवर पलीकडे बसलेला माणूस स्वतःला सीबीआयचा किंवा मुंबई पोलिसांचा अधिकारी म्हणवतो आणि आपला एकेक शब्द ऐकत असतो. 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाशी बोललात तर तुरुंगात टाकू,' असे त्याने बजावलेले असते. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट सांगितले. पण घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही.

अशा वेळी त्या गृहस्थांशी तोंडी वाद घालू नका. पलीकडचा सावध होतो. एका कागदावर लिहा: 'फोनवर पोलीस आहेत का? ते चोर आहेत. आत या.' कागद काचेखालून सरकवा. शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसवा, पाणी द्या, फोन बंद करायला लावा, मुलाला किंवा मुलीला बोलवा. वीस मिनिटे गेली तरी चालतील. मागची रांग कुरकुरली तर कुरकुरू द्या.

फसतात ते अडाणी, लोभी, मूर्ख, हा समज आपण आज इथेच सोडून जाऊ या. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओस्वाल यांना २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशाच टोळीने गाठले. पद्मभूषण, वयाची ऐंशी ओलांडलेली, आयुष्यभर हजारो कोटींचा व्यवहार सांभाळलेला माणूस. व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी रंगवून त्यांच्याकडून सात कोटी उकळले. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. पोलिसांत गेले, पुढे वृत्तवाहिन्यांसमोर स्वतः बोलले. पोलिसांना त्यांतले सव्वापाच कोटी परत मिळवता आले. ते गप्प बसले असते तर त्यांतला एक रुपयाही परत आला नसता.

आपल्याकडे मात्र फसलेला सभासद शाखेत आला, की पहिला प्रश्न काय असतो? 'एवढे शिकलेले असून असे कसे केलेत?' सहकाऱ्यांनो, या प्रश्नाने चोराचे काम सोपे होते. हा प्रश्न ऐकलेला माणूस बाहेर जाऊन दुसऱ्या चार जणांना सांगतो की शाखेत जाऊ नका, तिथे अपमान होतो. आणि पैसा तेवढा वेळ थांबत नाही. पहिल्या खात्यातून तो काही मिनिटांत चार खात्यांत फुटतो, तिथून दहांत, मग कुठल्या तरी एटीएममधून रोख निघतो किंवा आभासी चलनात जातो. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की पैसा ज्या ज्या बँकेत पोहोचला असेल तिथे तो थांबवून ठेवण्याची सूचना जाते. पहिल्या तासात तक्रार झाली तर थांबवायला काहीतरी शिल्लक असते. म्हणून मी सुचवतो, की फसलेल्या माणसाला काउंटरवर पहिला प्रश्न एकच विचारावा: 'किती वाजता गेले?' आणि उत्तर येण्याआधी आपल्याच फोनवरून १९३० लावायला घ्यावा. तो क्रमांक व्यस्त लागला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार तिथल्या तिथे भरून द्यावी. सभासदाला फॉर्म भरता येत नाही, हात थरथरत असतो. आपल्याला येतो.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियमही पाठ असू द्या. बँकेच्या त्रुटीमुळे पैसे गेले तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणात त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी नाही. त्याने स्वतः पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर आहे. सभासदाला 'उद्या या' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता घरातली गोष्ट. हे चोरलेले पैसे ज्या खात्यांत जातात, ती खाती कोणी तरी उघडून दिलेली असतात. कॉलेजच्या मुलाला पाच-दहा हजार देऊन त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने घेतले जाते. खाते उघडायला तो मुलगा आपल्याच टेबलासमोर बसतो, आणि शेजारी बसलेला 'काका' त्याच्याऐवजी सगळी उत्तरे देतो. तिथे थांबून मुलाला वेगळे घ्या आणि सांगा, की गुन्ह्यात पहिले नाव खातेदाराचे येते.

आणि आपले पासवर्ड? शाखाधिकारी रजेवर जाताना आपला पासवर्ड लिपिकाला देऊन जातात, म्हणजे व्यवहार टाकणारा आणि तपासणारा एकच माणूस उरतो. आपली सगळी व्यवस्था ज्या दोन सह्यांवर उभी आहे, ती एका चिठ्ठीवर येते. याला सोय म्हणणे मी नाकारतो. पासवर्ड कसा असावा याबाबतची जुनी शिकवणही आता बदलली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून मोठी अक्षरे, चिन्हे, आकडे आणि दर काही दिवसांनी बदल, हा शिरस्ता जगभर पसरला. २०१७ मध्ये त्यांनीच त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होत होते. आता सांगणे असे, की पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द जोडून केला तरी उत्तम, आणि एका ठिकाणचा दुसरीकडे वापरू नका. ईमेलचा पासवर्ड सर्वांत जपा. सगळ्या किल्ल्या ज्या कपाटात ठेवल्या, त्या कपाटाची ती किल्ली आहे. बाकी सगळे पासवर्ड 'विसरलो' म्हटले की तिथूनच बदलून मिळतात. ज्येष्ठ सभासदांना मी घरच्या कपाटात कुलपाखाली वही ठेवायला सांगतो. फोनमध्ये 'पासवर्ड' नावाची नोंद ठेवण्यापेक्षा, किंवा सगळीकडे नातवाची जन्मतारीख वापरण्यापेक्षा ते शतपट बरे. यूपीआय आणि एटीएमचा पिन मात्र त्या वहीतही लिहू नये.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. हा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे, पण म्हणून आधारच्या झेरॉक्सचे जुने गठ्ठे रद्दीवाल्याला द्यायचे नाहीत. तेलंगण, कर्नाटकात दस्तांवरचे अंगठे उचलून नकली ठसे बनवले गेले आणि आधारशी जोडलेल्या खात्यांतून लोकांचे पैसे काढले गेले. जिथे बारा अंकांची गरज नाही तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे आधार घ्या, आणि सभासदांना आधारचे बोटांचे ठसे लॉक करायला शिकवा.

सभासदाच्या सर्वांत जवळचा माणूस शाखेत नसतोच. तो रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी प्रतिनिधी असतो. चहाच्या टपरीवरची मावशी त्याच्याच हातात फोन देते, 'बघ रे बाळा, काय मेसेज आलाय.' ती एपीके फाइल उघडण्याआधी पाहणारा पहिला माणूस तोच आहे, आणि आपल्या कोणत्याही प्रशिक्षणाला आपण त्याला बोलावत नाही. दुपारच्या सत्रात सायबर सुरक्षेच्या ठरावाचा मसुदा तुमच्यापुढे येईल. त्यात पिग्मी प्रतिनिधींचा उल्लेख नाही. त्यांचे प्रशिक्षण, १९३० वर तक्रार करण्याचा सराव आणि त्या दिवसाचे मानधन संस्थेने द्यावे, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर उपाध्यक्षांनी बसावे, अशी विनंती मी त्यांना आधीच केली आहे.