कुलूप आपलं, किल्ली कुणाची?

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेले भाषण)



हे भाषण आम्ही चौघांनी मिळून लिहिलं आहे, वाचणारा मात्र एकच आहे. त्यामुळे 'आम्ही' म्हटलं की ते मोठेपणानं नाही, चौघांच्या वतीनं आहे असं समजावं. मंडळात 'प्रिंटर चालत नाही, जरा बघता का' असा फोन ज्यांना येतो, ते आम्ही. कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय 'मुक्त सॉफ्टवेअर' असा छापला आहे. तो वाचून काही मंडळी चहाच्या टेबलाकडे सरकली हे आम्ही पाहिलं आहे! त्यांनी चहा घेऊन परत यावं ही विनंती, कारण विषय संगणकाचा कमी आणि आपल्या घरचा जास्त आहे.

सुरुवात एका फजितीनं करतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद वारले. इथे ब्रिटनमध्ये आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यावर त्यांनी १९९८ च्या स्मरणिकेत एक सुरेख लेख लिहिला होता. शोकसभेत तो वाचला जावा अशी त्यांच्या मुलीची इच्छा होती. आम्ही छातीठोकपणे सांगितलं, 'फाइल आहे आमच्याकडे, काळजी नको.' फाइल खरोखरच होती. उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांचा नुसता चिवडा!

झालं होतं असं. त्या काळी मराठी टाइप करायचे जे प्रोग्रॅम मिळत, त्यांत प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी असे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, वर फक्त मराठी फाँटचा मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गेला. आपला प्रोग्रॅम चालवायला संगणकाच्या मागे एक छोटा डाँगल खोचावा लागे. तो डाँगल कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि प्रोग्रॅमची ती आवृत्ती कंपनीनं केव्हाच बंद केली होती. काही जुन्या फाँटांमधला मजकूर बदलून देणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहून सर्वांसाठी ठेवले आहेत. आमच्या फाँटचा तक्ता मात्र मिळाला नाही. शोकसभा त्या लेखाविनाच झाली. लेखक आपला, मंडळ आपलं, फाइल आपल्याच कपाटात. आणि आपल्यालाच वाचता येईना. कुलूप आपलं होतं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली होती.

मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळ या किल्लीबद्दल आहे.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो आणि तिथे फार घोटाळा होतो. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. आपल्याकडे 'मुक्त' वेगळं आणि 'फुकट' वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना मुक्त म्हणायचं होतं. त्यांनी पुढे चार स्वातंत्र्यं मांडली: प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरण्याचं, तो आतून कसा चालतो ते पाहून त्यात बदल करण्याचं, त्याच्या प्रती शेजाऱ्याला देण्याचं, आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचं. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो लोकांपुढे ठेवला. दोन्ही कामं एकत्र आली आणि संपूर्ण मुक्त अशी संगणक-प्रणाली उभी राहिली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मधलं.

कुणी विचारेल, 'अहो, आम्हाला कुठे प्रोग्रॅम वाचता येतो? तो उघडा असला काय आणि बंद असला काय!' प्रश्न रास्त आहे. पण माहितीच्या अधिकाराचा विचार करून पाहा. भारतात हा कायदा २००५ मध्ये आला. आपल्यापैकी किती जणांनी स्वतः अर्ज केला असेल? थोड्यांनीच. तरीही कुणीही नागरिक फाइल मागू शकतो, एवढ्यानंच कचेरीतल्या माणसाच्या मनात विचार येतो. प्रोग्रॅमचंही तसंच. आपण वाचला नाही तरी वाचू शकणारा कुणीतरी तो वाचतो, आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असतं. उघडं आहे म्हणून निर्दोष आहे असा त्याचा अर्थ नाही. चूक झाली तर ती शोधायचा आणि सुधारायचा हक्क कुणा एका कंपनीकडे अडकलेला नाही, एवढाच अर्थ आहे.

आता मराठीचंच पाहा. युनिकोडमुळे 'अ' हे अक्षर जगातल्या कुठल्याही संगणकात २३०९ या एकाच क्रमांकानं साठवलं जातं. फाँट कोणताही वापरा, खालचं अक्षर बदलत नाही. शिवाय मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीतल्यापेक्षा वेगळे. कित्येक फाँटांत आपल्याला हिंदी वळणच मुकाट्यानं सोसावं लागतं. लोहित, नोटो यांसारख्या मुक्त फाँटांत मात्र मराठीसाठी वेगळ्या 'ल' आणि 'श' ची सोय केलेली आहे. तिथे एखादं अक्षर चुकीचं वाटलं तर जाणकार माणूस ते दुरुस्त करून सर्वांना देऊ शकतो, कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, तोही मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतो.

खरं तर तुम्ही सगळे हे आधीच वापरता आहात. खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा गाभा लिनक्सचा आहे. लग्नाचा व्हिडिओ कशातच उघडला नाही की आपण शेवटी व्हीएलसीकडे जातो. फायरफॉक्सही मुक्तच. तेव्हा एकदम मोठी उडी मारू नका. आहे त्याच संगणकावर आधी लिबरऑफिस टाकून पत्रं आणि हिशेब करून पाहा. त्याची फाइल ज्या पद्धतीनं साठवली जाते ती पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या लिबरऑफिस राहिलं नाही तरी दुसरा कुणी त्या फाइली उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकेल. आमच्या १९९८ च्या स्मरणिकेला हे भाग्य लाभलं नाही!

आता येतो आजच्या निधीकडे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. नोंदणी करणाऱ्यांना पुढे वर्षभराची मुदत देण्यात आली, पण विंडोज ११ ज्यावर चालत नाही अशी कितीतरी धडधाकट यंत्रं माळ्यावर गेली. तुमच्याही घरी एखादं असेल. त्यावर लिनक्स मिंट टाकलं तर ते पुढची काही वर्षं आरामात चालेल. आधी पेन ड्राइव्हवरून चालू करून पाहता येतं, हार्ड डिस्कला हातही न लावता. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, जुनं सगळं जागच्या जागी.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही शनिवारी सकाळी सभागृहाच्या मागच्या खोलीत बसतो. आतापर्यंत सभासदांनी दिलेले तेवीस लॅपटॉप दुरुस्त झाले. प्रत्येकात नवी एसएसडी बसवतो आणि जुनी डिस्क मालकाला परत देतो, म्हणजे तुमचे फोटो आणि बँकेची कागदपत्रं परक्याच्या हाती जात नाहीत. हे लॅपटॉप भारतात पाठवावेत असं आधी मनात होतं. पण वापरलेले संगणक भारतात न्यायला सरकारी परवानगी लागते. म्हणून ते इथेच, आपल्या गावात दिले: शाळेचा गृहपाठ फोनवर करणाऱ्या मुलांना, आणि घर सोडून आलेल्या स्त्रियांना मदत करणाऱ्या एका स्थानिक संस्थेला. अशा एखादीच्या जुन्या लॅपटॉपचे सगळे पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक असतात. दुसऱ्या कुणाची नजर नसलेला, स्वच्छ संगणक हा तिच्यासाठी सोयीचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

इथे कार्यकर्त्यांबद्दल दोन शब्द. जानेवारी २००८ मध्ये केनियात निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा तिथल्या काही लोकांनी 'उशाहिदी' नावाची यंत्रणा उभी केली. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ 'साक्ष'. लोकांनी एसएमएस आणि ईमेलनं कळवावं, आणि कुठे काय घडलं ते नकाशावर दिसावं, अशी योजना. तिचा प्रोग्रॅम खुला होता म्हणून इतर देशांनाही तो घेता आला. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची चित्रं पाहून 'ओपनस्ट्रीटमॅप'वर तिथले रस्ते आखले, आणि मदतपथकांनी ते नकाशे वापरले. घरच्या खुर्चीत बसून केलेली ही सेवाच म्हणायची!

ज्यांना आपलं बोलणं खाजगी ठेवणं भाग आहे, अशांसाठी 'सिग्नल' आहे. संदेश गुप्त ठेवण्याची त्याची पद्धत वॉट्सअ‍ॅपनंही घेतली, पण सिग्नलचं अ‍ॅप उघडं आहे आणि वॉट्सअ‍ॅपचं नाही. 'टेल्स' ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालते आणि बंद केल्यावर त्या संगणकावर माग ठेवत नाही. मात्र एक सांगतो. साधन कितीही चांगलं असलं तरी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला, तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

सगळंच गोड आहे असंही नाही. काही प्रिंटर रुसतात. काहींच्या धंद्याचा हिशेबाचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाही, त्यांनी हट्ट करू नये. पहिले पंधरा दिवस 'ते बटण कुठे गेलं' असं होतं. पण केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं गेली कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जमतं, ते आपल्याला न जमायला काय झालं!

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा टोचणारा आहे. मुक्त आणि फुकट वेगळं असं आम्ही मघाशी म्हटलं. वापरताना मात्र आपण सगळेच ते फुकट समजतो. इंटरनेटवरच्या व्यवहारांना कुलूप लावणारा 'ओपनएसएसएल' नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' हा मोठा दोष सापडला आणि जगभर धावपळ झाली. मग लोकांच्या लक्षात आलं की बड्या बड्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या, त्या प्रोग्रॅमला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एकच. दोष उघडा असण्यात नव्हता. विहीर सगळ्यांची, पाणी सगळ्यांनी भरायचं आणि गाळ काढायला मात्र कुणी यायचं नाही, असं झालं होतं. मंडळ चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळं सांगायला नको!

म्हणून आजच्या निधीचे तीन भाग करायचं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. मोठा भाग लॅपटॉपच्या सुट्या भागांसाठी. दुसरा, कपाटात कुलूपबंद पडलेल्या जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेण्यासाठी. आणि तिसरा, आपण रोज वापरतो ती मुक्त सॉफ्टवेअर्स सांभाळणाऱ्या संस्थांना देणगी म्हणून. रक्कम लहान असेल, पण घेणाऱ्यांच्या यादीत असलेलं आपल्या मंडळाचं नाव देणाऱ्यांच्या यादीतही लागेल. पैसे शक्य नसतील त्यांनी माळ्यावरचा लॅपटॉप द्यावा. तोही नसेल त्यांनी शनिवारची एक सकाळ द्यावी. मराठी टाइप करणाऱ्यांची तर आम्हाला फारच गरज आहे.

जाता जाता त्या लेखाचं सांगायचं राहिलं. शोकसभेनंतर तीन महिन्यांनी एका सभासदाच्या माळ्यावर १९९८ च्या स्मरणिकेची छापील प्रत सापडली, कडा कसरीनं खाल्लेल्या. आम्ही चौघांनी पानं वाटून घेतली आणि एका संध्याकाळी लेख पुन्हा टाइप केला. फाइल त्यांच्या मुलीला पाठवली. तिचं उत्तर आलं, 'माझ्या मुलाला मराठी वाचता येत नाही, पण त्यानं संगणकाला वाचून दाखवायला सांगितलं, आणि आजोबांचा लेख ऐकला.' चिवडा झालेल्या फाइलीतून हे कधीच जमलं नसतं.

पुढच्या वेळी शोकसभेआधीच फाइल उघडावी, एवढ्यासाठी आज आपल्यापुढे झोळी पसरली आहे. ती रिकामी जाऊ देऊ नका.