आतला माल आणि बाहेरचा कागद



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा प्रघात पाडला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून मोठमोठी माणसे बोलून गेली. त्या रांगेत यंदा चालकांनी साकीनाक्याच्या एका गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्यांना आणून उभे केले आहे. चूक त्यांची आहे. शिक्षा मात्र अर्धा तास आपल्याला आहे.

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून २०१४ पासून मेट्रो धावते. तिच्या खिडकीतून साकीनाक्यापाशी खाली पाहिलेत तर पत्र्यांची छपरे दिसतील. त्या छपरांखाली, आणि आत खैरानी रस्त्याच्या बाजूस, कोणी छापतो, कोणी कापतो, कोणी चिकटवतो, कोणी रद्दी निवडतो. आपल्या घरातील एखादे तरी खोके तेथून आलेले असण्याचा संभव पुष्कळ आहे. आमच्याकडे येणारा गिऱ्हाईक प्रथम एकच वाक्य बोलतो: "जरा जाड कागद द्या." कागद जाड म्हणजे मजबूत, गुळगुळीत म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे स्वच्छ, अशी आपल्या सर्वांची समजूत आहे. आमचीही होती. ती कशी गेली ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचे नाही.

काही वर्षांपूर्वी एका महिला मंडळाने पापडांसाठी आमच्याकडून खोकी घेतली. माल विदर्भात जायचा होता. कागद उत्तम होता, वजनातही कमी नव्हता. परंतु आमच्याकडे असलेल्या रुळाच्या रुंदीत तक्ता नीट बसेना. वाया जाणारी पट्टी वाचवावी म्हणून आम्ही तक्ता आडवा घेतला. आता खोक्याच्या दोन कागदांमध्ये जो नागमोडी थर असतो, ज्याला आम्ही फ्लूट म्हणतो, त्याच्या नळ्या उभ्या राहिल्या तर त्या खांबांसारखा भार घेतात. आडव्या झाल्या की त्यांची गत आडव्या पडलेल्या खांबांसारखी होते. आमच्या खोक्यांत त्या आडव्या झाल्या. दिवस आषाढाचे. माल वाटेत एका गोदामात चार दिवस पडून राहिला, थरांवर थर रचलेला. खालची खोकी बसली आणि पापडांचा चुरा झाला. मंडळाच्या बायका आमच्या गाळ्यात आल्या, पण कोणी आवाज चढवला नाही. एक वयस्क बाई फाटके खोके उलटसुलट करून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "दादा, कागद तर चांगला होता ना?" आम्ही खोक्यांचे पैसे परत केले. लाटण्यात गेलेल्या दुपारींचे पैसे कोणत्या हिशेबाने द्यावेत, ते आम्हांला सुचले नाही.

कागदाचे वजन आम्ही जीएसएममध्ये मोजतो. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, एवढाच त्याचा अर्थ. तो किती ताण सोसेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बीएफ म्हणजे फाटण्याचा अंक पाहावा लागतो. हिशेब सोपा आहे: बीएफला वजनाने गुणावे आणि हजाराने भागावे, म्हणजे तो कागद दर चौरस सेंटिमीटरला किती किलोच्या दाबाने फुटेल ते निघते. दीडशे ग्रॅमचा १८ बीएफचा कागद २.७ किलोला फुटतो. एकशेवीस ग्रॅमचा २२ बीएफचा कागद २.६४ किलोला. म्हणजे तीस ग्रॅम कमी कागदात जवळजवळ तीच ताकद मिळाली. गिऱ्हाईक मात्र पहिला कागद बोटांत धरतो, मान डोलावतो आणि दुसऱ्याला 'पातळ' म्हणून बाजूस सारतो. अर्थात हा अंक फुटण्यापुरता झाला. थरावर थर रचायचे तर नळ्या उभ्या हव्यात, आणि खोक्याच्या कोपऱ्यावर कोपरा यायला हवा, कारण भार बव्हंशी कोपरेच घेतात. हमालाने वरचे खोके थोडे तिरके ठेवले की आमची सारी गणिते फसतात!

आणि त्यात आपली मुंबई. कागद हवेतील ओल सतत पितो आणि सोडतो. कोरड्या हवेत खोक्याची जी भार सोसण्याची ताकद असते, ती पावसाळी दमट हवेत निम्म्यापर्यंत येऊ शकते. खोके भिजायलाच हवे असे नाही; नुसत्या हवेने हे होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी आमच्या बाजूने फुगली, तेव्हा तर प्रत्यक्ष पाणीच आले. रुळाच्या खालच्या कडेने पाणी वर चढताना ज्याने पाहिले आहे, त्याला कागद ही वनस्पती आहे हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

या वनस्पतीला धागाही आहे. यंत्रावर कागद होताना लगदा एका दिशेने धावतो आणि तंतू बहुतेक त्या दिशेने पहुडतात. ओल लागली की कागद त्या दिशेने फारसा वाढत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगतो. धाग्याच्या दिशेने घडी स्वच्छ पडते. आडवी घातली तर पुठ्ठा तडकतो. ज्या लग्नपत्रिकेची घडी पांढरी पडून फाटते, तिचा दोष शाईत नसून बहुधा धाग्यात असतो. पुस्तकाचा धागा कण्याला समांतर हवा, नाहीतर ते उघडे राहत नाही, हात काढताच मिटते. डाळीसारख्या सुट्या मालाच्या डब्याला धागा आडवा, भोवताली फिरणारा हवा, नाहीतर डब्याचे पोट सुटते. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा एके काळी जुन्नरला जो हातकागद होई, त्याला अशी ठळक दिशा नसे, कारण कागदी साचा चहूकडे हलवून तंतू गुंफीत असे.

छपाईविषयी एवढेच सांगतो की छापून झाल्यावर त्या कागदाचे काय होणार, ते आधी विचारा. एकदा एका पतपेढीने भिंतीवरची दिनदर्शिका गुळगुळीत आर्ट पेपरवर छापून घेतली. चित्रे झकास उठली. पण दूधवाल्याचे खाडे लिहायला गेले की पेन्सिल घसरे आणि पेनची शाई पुसली जाई. घराघरांतून ती दिनदर्शिका फेब्रुवारीतच खाली उतरली. तेथे साधा मॅपलिथोच हवा होता.

आता खाण्याच्या जिनसांकडे येतो. येथे चुकीची किंमत मालाला नव्हे, माणसाला द्यावी लागते. वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेणे हा आपल्या सर्वांचा परिपाठ. वर्तमानपत्राची शाई खाण्यासाठी केलेली नसते. तिच्यात खनिज तेले असतात, रंग असतात, आणि गरम वड्याचे तेल त्यांना अलगद आपल्यात ओढून घेते. २०१८ च्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न गुंडाळण्यास देशभर मनाई केली, आणि वेष्टनाची छापील बाजू अन्नाला लागू नये असेही सांगितले. वडापाववाल्याला दोष देणे सोपे आहे. रद्दी स्वस्तात मिळते, कोरा कागद महाग पडतो, आणि त्याचे गिऱ्हाईक एक रुपया जास्त द्यायला तयार नसते. ते गिऱ्हाईक म्हणजे आपणच. तेल अडवायला जाड कागद लागत नाही. तंतू फार बारीक कुटून छिद्रे बुजवलेला पातळ कागद, ज्याला बाजारात बटर पेपर म्हणतात, तो पुरतो.

हीच गोष्ट मिठाईच्या डब्याची. बाहेरून सोनेरी, आतून करडा. तो करडा थर म्हणजे रद्दीचाच लगदा, आणि छापील रद्दीतील खनिज तेले त्यात उतरलेली असतात. झुरिकच्या शासकीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० च्या सुमारास दाखवून दिले की ती तेले वाफेच्या रूपाने पुठ्ठ्यातून कोरड्या धान्यातही जातात, आणि मध्ये साधी पातळ प्लास्टिकची पिशवी असली तरी फारशी अडत नाहीत. म्हणून महिनोन्‌महिने राहणाऱ्या अन्नाला ताज्या लगद्याचा पुठ्ठा किंवा ॲल्युमिनियमसारखा खरा पडदा हवा. यावरून करड्या पुठ्ठ्याला कोणी वाळीत टाकू नये. बूट, सदरे, खेळणी यांना त्याच्यासारखा सोबती नाही, आणि रद्दी निवडणाऱ्या हजारो हातांची भाकरी त्यावर आहे. लाडू मात्र त्यात उघडे ठेवू नका.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आमच्याकडे गर्दी झाली. सर्वांना कागदी पिशवी हवी होती, पण चकचकीत आणि पाण्याला दाद न देणारी. म्हणजे वरून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेली. असा कागद पुन्हा लगद्यात घालायला गिरणीवाले नाखूश असतात. आम्ही समजावून पाहिले, काहींना पटले. बाकीच्यांना आम्ही पापुद्रा लावून दिला, हेही येथे कबूल करतो.

सध्या आंब्याचे दिवस आहेत, तेव्हा पेटीबद्दल दोन शब्द. लाकडी पेटी गेली तरी तिचे नाव पुठ्ठ्याच्या खोक्याला चिकटून राहिले. आंबा श्वास घेतो, ऊब आणि ओल सोडतो, म्हणून खोक्याला भोके लागतात. पण भोक पाडले की भिंत तेवढी दुबळी होते. ती कोपऱ्यांपासून दूर पाडावी लागतात. २००७ साली हापूस अमेरिकेस जाऊ लागला तेव्हा लासलगावला त्यावर किरणांचा संस्कार होई. त्यानंतर कीड आत शिरू नये म्हणून भोकांवर जाळी आली. म्हणजे एका खोक्याने वारा आत घ्यायचा, किडा बाहेर ठेवायचा, वरच्या आठ खोक्यांचा भार सोसायचा आणि ओलीने वाकायचे नाही. हे सारे जमवणारा कारागीर आम्हांला कोणत्याही चित्रकाराइतका थोर वाटतो. आपण त्याचे खोके पहिल्याच दिवशी रद्दीत देतो.

मागच्या टेबलावर पाण्याची एक परात आणि काही चौकोनी तुकडे ठेवले आहेत. जाताना एक तुकडा पाण्यावर अलगद सोडा. तो ज्या बाजूने सुरळी होईल, त्या सुरळीच्या लांबीकडे त्याचा धागा. टेबलाशी बसल्या आहेत त्या बाई, त्याच महिला मंडळाच्या. आता खोकी घेताना त्या प्रथम एक नमुना फाडून, भिजवून पाहतात, आणि मगच आम्हांला ऑर्डर देतात.