‘मिटवून टाका’ असे मी म्हणाले होते

(पुणे येथे झालेल्या सहकारी व देणगीदारांच्या त्रैमासिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दर वेळी मी तुमच्यापुढे अभ्यासवर्ग, पाणी, बाळंतिणींचा आहार यांविषयी बोलते. आज रस्त्यावरच्या अपघाताविषयी बोलणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण ती लपवून पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मुळशीतल्या एका कातकरी वाडीतला तरुण वीटभट्टीवरून पायी घरी येत होता. मागून टेम्पोने उडवले. मांडीचे हाड मोडले, गुडघ्याचा चुरा झाला. तिसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक इस्पितळात आला. हातात सफरचंदांची पिशवी, खिशात 40,000 रुपये आणि टाइप केलेला स्टॅम्प पेपर. ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, भरपाई मिळाली, पुढे काही मागणार नाही.’ त्या दादाला वाचता येत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. म्हणाला, “ताई, काय करू?”

मी म्हणाले, “दादा, माणूस स्वतःहून आलाय. क्षमा करा आणि मिटवून टाका.” अंगठ्याला शाई मीच लावली.

पैसे दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच संपले. पाय वाकडा राहिला. भट्टीची उचल अंगावर होती. ती फेडायला त्याची बायको आणि बारा वर्षांची मुलगी भट्टीवर गेल्या. मुलगी आपल्याच अभ्यासवर्गात येत होती. त्यानंतर आली नाही.

बऱ्याच उशिरा मी शिवाजीनगरच्या न्यायालयात एका वकीलताईंना गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “फिर्याद कुठे आहे?” फिर्याद नव्हतीच. गाडीचा नंबर कोणी लिहून ठेवला नव्हता. तो स्टॅम्प पेपरही मालकच घेऊन गेला होता. ताई म्हणाल्या, “अंगठा ही मोठी अडचण नव्हती. अशा कागदाने न्यायाधिकरणाचे हात बांधले जात नाहीत. पण अपघात याच गाडीने झाला हे दाखवायला तुम्ही काहीच ठेवलं नाहीत.” मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अजून टोचते. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्या टेम्पोला विमा असता, तर भरपाई मालकाच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून आली असती. म्हणजे क्षमा मालकाला करायची होती आणि पैसे विमा कंपनीकडून घ्यायचे होते. मी दोन्हींची सांगड घालून त्या कुटुंबाचा घास काढून घेतला.

मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे. क्षमेवर मी प्रवचन देऊ शकते. पण निर्गमच्या 21व्या अध्यायात, दुखापत करणाऱ्याने जखमी माणसाच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी आणि तो पूर्ण बरा होईल अशी व्यवस्था करावी, असा नियम आहे, हे मी इस्पितळात त्या खाटेशेजारी उभी असताना विसरले होते.

आता कायदा काय देतो ते सांगते. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. जखमी माणूस किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करतात. 2022 पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून ‘दहावे-बारावे होऊ दे, मग बघू’ असे म्हणत बसू नका. अर्ज अपघाताच्याच गावी करावा लागतो असे नाही. अर्जदार जिथे राहतो तिथेही चालतो. तुम्हाला आठवत असेल, डिसेंबर 2024 मध्ये वाघोलीजवळ केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मध्यरात्रीनंतर डंपर चढला. तिघे गेले, त्यांत दोन लहान मुले. अमरावती जिल्ह्यातून कामासाठी आलेली माणसे होती. अशा कुटुंबांनी तारखेसाठी पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. त्यांच्या जिल्ह्यात दावा लावता येतो. हे त्यांना कोणी सांगते का, एवढाच प्रश्न असतो.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हात हलवत परतायचे नाही. अशा वेळी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये सरकारी योजनेतून मिळतात. चौकशी तहसील किंवा प्रांत कार्यालयात करायची. उपचारांसाठीही मे 2025 पासून केंद्राची योजना आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, ठरलेल्या रुग्णालयांत रोख न भरता.

रक्कम कशी ठरते, ते एका उदाहरणाने पाहा. तीस वर्षांचा माणूस गेला. मागे बायको, दोन मुले, म्हातारी आई. महिना 12,000 रुपये कमाई धरली, तर वर्षाचे 1,44,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाप्रमाणे 40 टक्के मिळवायचे, 2,01,600 झाले. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले 1,51,200. त्या वयाला गुणक 17. उत्तर येते 25,70,400. शिवाय अंत्यविधी, सहवास गमावणे यांची थोडी रक्कम वेगळी. आणि शवागाराबाहेर आपल्या माणसांना एक लाख रोख दाखवून अंगठा मागतात! चूक मृताचीही असली तर रक्कम कमी होते, तेही खरे आहे. पण हा हिशेब न करताच सही करणे म्हणजे शेत न मोजता विकणे.

जखमी माणसाच्या बाबतीत एक बारकावा आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावर 30 टक्के लिहिले म्हणून कमाईचे नुकसान 30 टक्केच, असे नसते. बसून काम करणारा कारकून आणि डोक्यावर विटा वाहणारा मजूर, दोघांचा गुडघा सारखाच मोडला तरी भाकरी सारखी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून माणूस काय काम करत होता हे सांगणारा साक्षीदार लागतो. पगाराची चिठ्ठी आपल्या लोकांकडे कुठून असणार? मुकादमाची वही, उचलीची नोंद, सोबतचा मजूर, जे असेल ते जपा. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही न्यायालये आता किंमत धरतात. “ती घरीच असते” असे तिच्याबद्दल नवऱ्याने साक्षीत सांगून बसू नये.

आता वकील. इथे आपली माणसे दुसऱ्यांदा लुटली जातात. इस्पितळाच्या दारात एजंट भेटतो. “आत्ता एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातले वीस टक्के द्या.” गरिबाला हे दयाळूपणाचे वाटते. वरच्या उदाहरणात वीस टक्के म्हणजे पाच लाखांच्या वर जातात. परदेशात काही ठिकाणी वकिलाची फी अशी टक्केवारीने ठरते. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला बंदी आहे. तेलंगणातल्या एका विधवेकडून अपघात भरपाईतल्या हिश्शापोटी वकिलाने धनादेश घेतला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच खटला भरला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि अशी टक्केवारीची फी बेकायदा असल्याचे सांगितले. सगळे वकील असे नसतात. माझ्या ओळखीचे कितीतरी जण प्रामाणिक आहेत, रास्त फी घेतात आणि पावती देतात. पण जो दारात शोधत येतो, त्याच्यापासून सांभाळा.

आणि आपल्या बहुतेक कुटुंबांना फी द्यायचीच नसते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला, बालकाला, अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. कमाई कितीही असो. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयातच आहे. दूरध्वनी 15100. कातकऱ्यांकडे जातीचा दाखला नसतो, ही नेहमीची अडचण. मग बायकोला अर्जदार करा. ती स्त्री आहे, एवढे पुरे.

मोफत वकील मनापासून काम करेल का, असे तुम्ही विचाराल. कधी करतो, कधी ढकलावे लागते. म्हणून सोबत माणूस लागतो. वकीलपत्र मराठीत वाचून घेणारा, कोऱ्या कागदावर सही करू न देणारा, दाव्याचा क्रमांक लिहून घेऊन ई-कोर्टवर तारीख पाहणारा. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर आदल्या दिवशी घरी बसून आकडा ठरवायला लावणारा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसते.

गेल्या वर्षी आंबेगावच्या एका ठाकर बहिणीचा नवरा पुणे-नाशिक रस्त्यावर गेला. तिच्याकडेही एजंट आला होता. या वेळी मी शाईची डबी नाही, फिर्यादीची प्रत मागितली. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीच्या विम्याचा कागद, सगळे सहा आठवड्यांत गोळा झाले. दावा मुदतीत दाखल झाला. निकाल अजून नाही, आणि किती मिळेल हे मी तुम्हाला सांगणार नाही. ती तारखेला येते तेव्हा पाठीवर धाकटे मूल असते. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढा दिलासा.

मुळशीच्या त्या दादाकडे मी जाऊन आले. माझ्या चुकीची कबुली दिली. तो हसला आणि म्हणाला, “ताई, तुला तरी कुठं ठाऊक होतं.” मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिला पुन्हा शाळेत बसवण्याचा प्रयत्न चालू आहे, ती हो म्हणत नाही.

तुमच्याकडून आज पैसे मागत नाही. बँकेतून निवृत्त झालेले, सरकारी कचेरीत कागद हाताळलेले आपल्यात अनेक जण आहेत. महिन्यातून एक दिवस शिवाजीनगरला या लोकांसोबत बाकावर बसणारी चार माणसे मला हवी आहेत. आंबेगावच्या बहिणीची पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. नावे सभा संपल्यावर माझ्याकडे द्या. मी दाराजवळच थांबते.