पत्र आणि पावती
(पेण व रोहे तालुक्यांतील शेतकरी व शिक्षक बंधूंपुढे केलेले भाषण)



वर्तमानपत्राने लाचलुचपत चव्हाट्यावर आणली आणि त्यातून सुधारणा झाली, असे आपण ऐकतो. पण ते नुसत्या शिव्याशापांनी घडत नाही. ज्याने सोसले त्याची साक्ष आणि तिला आधार देणारा कागद, ही दोन हाती असली म्हणजेच पत्राच्या शब्दाला वजन येते.

पहिला दाखला 'दीनबंधू'चा. कृष्णराव भालेकरांनी ते 1877 साली पुण्यास काढले. 1880 पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरीस होते. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1884 साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज केला. पुढे 1890 च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पत्र, सभा आणि सह्या, तिन्ही एकत्र आली तेव्हा हे झाले.

पण घरचा दोषही झाकू नये. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सरकारी कामगार शेतकऱ्यास कसा नागवितात, ते त्यात उघड केले आहे. याच 'दीनबंधू'ने त्याचे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापण्याचे धैर्य केले नाही. आपले पत्रही कधी भिते, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पेणेहून अलिबागेस जाताना पोयनाडजवळ चरी गाव आहे. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तेथील व आसपासच्या कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. लाकडे तोडून विकली, पण माघार घेतली नाही. 1934 साली डॉ. आंबेडकर तेथे आले आणि 1937 साली त्यांनी खोती नाहीशी करण्याचे बिल कायदेमंडळात मांडले. त्याच साली 'कृषीवल' पत्र निघाले. कुळांची बाजू मांडणारे पत्र कुळांच्याच चळवळीतून उभे राहिले. शेवटी 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला.

आणि एक गोष्ट. कोकणात खोत ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते, मुसलमानही होते. मापात पाप करणाऱ्याची जात पाहून आपण गप्प बसलो, तर सत्यशोधक म्हणविण्याचा आपल्याला काय अधिकार? दुसऱ्याने खाल्ले तर लूट आणि आपल्याने खाल्ले तर पोट भरले, हा न्याय नव्हे.

माझीच चूक सांगतो. एका गावी गरिबांच्या धान्यात काटछाट होते असे ऐकून मी घाईने एका पत्राकडे मजकूर धाडला. नोंदवही पाहिली नाही. ज्याचे नाव मी सुचविले तो त्या महिन्यात कामावरच नव्हता. पत्राला माफी मागावी लागली, आणि खरा खाणारा त्या माफीच्या आडून सुटला. गरिबांचे धान्य काही परत आले नाही. खोट्या आरोपाचा पहिला लाभ चोरालाच होतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून विनंती एवढीच. पैसे दिले की पावती मागा. तारीख, रक्कम आणि कोणापुढे दिले, हे मुलाकडून वहीत लिहवून घ्या. 2005 पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कचेरीचा कागद मागता येतो. तो हाती घ्या, ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही विचारा, आणि मगच पत्राकडे लिहा. लिहिल्यावर मात्र दबावाखाली सही मागे घेऊ नका.

आपल्या बापजाद्यांना अंगठा उठवावा लागला, तोही न वाचता. आपल्याला अक्षर आले आहे. त्याचा पहिला उपयोग पावती वाचण्यासाठी करा, आणि दुसरा शेजाऱ्याची पावती वाचून दाखविण्यासाठी.